कशानं लागलं?

शाळेतून आलेला फॉर्म लेकानं परवा स्वतःच भरला. पाचवीत गेल्यापासून असल्या कामात माझी लुडबुड त्याला चालत नाही. क्रीडा शिबिराचा फॉर्म. रक्तगट, उंची, वजन, चष्मा आहे का, आणि सगळ्यात खाली अर्ध्या ओळीचा एक रकाना: पूर्वी झालेली दुखापत किंवा शस्त्रक्रिया व तिचे कारण. सहीसाठी कागद पुढं सरकवला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून आधी नुसतं वाचलं. गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘उजव्या हाताचे पहिले बोट. ऑपरेशन. पळताना विळीवर पडलो.’

तो पळत नव्हता.

हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. चार वर्षांपूर्वी भोगीच्या दुपारी, दवाखान्याच्या अपघात विभागात, दोन रात्री जागलेला वाटावा अशा एका तरुण डॉक्टरनं ‘कशानं लागलं?’ विचारल्यावर ते पहिल्यांदा माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मग फोनवर नवऱ्याला सांगितलं, मग माहेरी, मग शेजारी, मग जो जो बिस्किटाचा पुडा घेऊन बघायला आला त्या प्रत्येकाला. इतक्यांदा सांगितलं की पोराला ते आठवायलाच लागलं. सहा वर्षांचा होता तेव्हा. आज विचारलं तर कुठून पळत आला, पाय कशात अडकला, सगळं सांगतो. उंबऱ्याला अडकला म्हणे. आमच्या स्वयंपाकघराला उंबरा नाही.

भोगीला भाज्या किती आणि काय काय असतात ते सांगायला नको. घेवडा, वांगी, ओला हरभरा, पावटा, बोरं आणि गाजरं. आमच्याकडं सगळं विळीवरच व्हायचं. विळी सासूबाईंची, त्यांच्या लग्नात रुखवतात आलेली. पाट झिजून मधोमध खोलगट झालेला, पातं धार लावून लावून निम्मं उरलेलं, पण असं की टोमॅटोला नुसतं टेकवलं तरी दोन फाकी. तिच्यासोबत त्यांचे नियमही आले होते. विळीवरून उठताना विळी आडवी करायची. ओलांडायची नाही. पात्याचं तोंड भिंतीकडं. सुरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलायची. रिकामी कात्री वाजवायची नाही. मोडलं तर काय होतं, तर घरात भांडणं होतात. नवीन लग्न झालं तेव्हा मी आणि नवरा यावर हसायचो, कारण भांडणं आमच्याकडं कात्री न वाजवताही रीतसर व्हायची. आता वाटतं, हे नियम ज्या कुणा बाईनं पहिल्यांदा केले तिनं एखाद्या लेकराचा हात बघितला असणार. आणि माणसं पात्याला भीत नाहीत, भांडणाला भितात, हेही तिला ठाऊक असणार.

त्या दुपारी सासूबाई ऊस आणि वाणसामान आणायला बाजारात गेल्या होत्या. मी गाजरं चिरत होते, लेक शेजारी बसून एकेक फोड पळवत होता. बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन वाजला. बहिणीचा. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, कधी जायचं ते विचारायला. मी उठले. विळी उभीच. चार मिनिटं बोलले असेन. नंतर कितीतरी वेळा फोनमध्ये जाऊन बघितलं, चार मिनिटं अकरा सेकंद. ओरडणं नाही, रडणं नाही. तो चालत, अगदी सावकाश चालत दारात आला. एका हातानं दुसरा हात धरलेला. म्हणाला, “आई, गाजर लाल झालं.”

माझ्यासारखं बसून, माझ्यासारखं दोन्ही हातांनी धरून त्यानं गाजर पात्यावर लोटलं होतं. सुरीचं बरं असतं, ती हलते, दिसते, पोरं बिचकतात. विळी नुसती बसलेली असते.

शेजारच्या काकू हळदीचा डबा घेऊन धावल्या, वरच्या मजल्यावरून कुणीतरी कॉफीची पूड घाला म्हणालं. कसं कोण जाणे, मला शाळेतलं प्रथमोपचाराचं पुस्तक आठवलं: दाबून धरा, हात वर करा, आत काही भरू नका. घरातला टर्किश टॉवेल गुंडाळला. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. रिक्षा मिळाली, पण गड्ड्याचे दिवस. नंदीध्वज मिरवणुकीनं निघालेले, निम्मे रस्ते बंद. रिक्षावाला गल्लीबोळातून काढत होता आणि मागं वळून वळून म्हणत होता, “रडत नाही की हो पोरगं. रडू दे की त्याला.” तो खरंच रडत नव्हता. मी मनात ते वाक्य जुळवत होते. पळत आला. पळत आला आणि पडला. रिक्षात बसून हे जुळवताना मला काही वाईट वाटल्याचंसुद्धा आठवत नाही, हे लिहिताना हात अडखळतो.

डॉक्टरनं बोटाला हात लावला नाही आधी. लेकाचा हात टेबलावर उताणा ठेवायला लावला आणि नुसता बघत बसला. मला वाटलं, किती हा निवांतपणा. मग म्हणाला, “ताई, बघा. बाकीची बोटं कशी आपोआप वळलीत. झोपलेल्या माणसाची वळतात तशी. हे एकटं सरळ आहे.” पाऊण इंचाची जखम, वरून बघितलं तर चार टाके घालून घरी न्यावं अशी. पण आतली बोट वाकवणारी दोरी तुटली होती. लहान पोराला ‘बोट वाकव’ म्हटलं तर ते दुखण्यापायी वाकवत नाही, म्हणून न विचारता बघायचं असतं, असं त्यानं मला समजावलं. सोबत बोटाच्या एका बाजूची संवेदना नेणारी नसही गेली होती. गंजलेली होती का विळी, असं मी विचारलं, कारण ते एकच भय मला माहीत होतं. तो म्हणाला, धनुर्वात गंजानं होत नाही, त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, गंजलेला खिळा मातीत पडलेला असतो म्हणून त्याचं नाव खराब. पाचव्या वर्षाचं इंजेक्शन झालंय का? झालं होतं. हे विचारून झाल्यावर त्यानं पेन उचललं आणि तो प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्यानं लिहून घेतलं.

पोटात दुपारचं जेवण होतं म्हणून भूल लगेच देता येईना. ऑपरेशन संक्रांतीला सकाळी ठरलं, आणि आम्ही मुलांच्या वॉर्डात वर गेलो.

दवाखान्यातल्या चादरी नावालाच असतात; प्रत्येक खाटेवर घरून आणलेली सोलापुरी चादर, लाल, हिरवी, मोरपंखी, मोठाल्या फुलांची. त्यामुळं वॉर्ड लांबून लग्नघरातल्या झोपायच्या हॉलसारखा दिसायचा. वास मात्र फिनेलचा, त्यात मिसळलेला शेंगाचटणीचा, कारण कुणीतरी सतत कडक भाकरी मोडून खात असायचं. मला वाटलं होतं, इथं झाडावरून पडलेली, गाडीनं उडवलेली पोरं असतील. तीही होती. पण कापलेली किती असावीत! मैदानात अनवाणी खेळताना बाटलीची काच पायात गेलेला एक. पत्र्याच्या शेडवर चेंडू काढायला चढलेला एक. आणि वॉर्डातले मामा प्रत्येकाच्या उशाशी येऊन तेच म्हणायचे, “काय बे पैलवान, कुणाशी लढलास?”

कोपऱ्यातल्या खाटेवर करमाळ्याकडचा एक मुलगा होता, दहा-अकराचा. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये हात गेलेला. त्यांच्याकडं शेतातली लाईट रात्रीची, म्हणून कुट्टी रात्रीच करायची. बाप धार काढत होता, पोरगं मशीनच्या तोंडात कडबा सारत होतं, शेवटची पेंडी उरली होती. तीन बोटं. बाप उजनीच्या पाण्याकाठचा, त्यानं मासेवाल्याच्या पेटीतला बर्फ स्टीलच्या डब्यात भरून त्यात ती तीन बोटं टाकून आणली होती, आधी तालुक्याला, मग इथं. डॉक्टर त्याला हळू आवाजात सांगत होता की बोटं थेट बर्फात ठेवायची नसतात. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची, नाहीतर बर्फानंच ती मरतात. बाप प्रत्येक वाक्याला “व्हय” म्हणत होता. डबा त्यानं दोन्ही हातांत धरला होता, लग्नातल्या आहेरासारखा. नंतर तो डबा त्याच्या खाटेखाली धुऊन पालथा घातलेला दिसायचा. मी त्या बाजूला बघणं टाळायचे, पण पाणी प्यायला जायचा रस्ता तिकडूनच होता. त्यानं ‘कशानं लागलं’चं उत्तर सरळ दिलं होतं. वॉर्डात एवढा एकच माणूस होता ज्यानं काही झाकलं नाही, आणि त्याच्याकडंच सगळे बोट दाखवून बोलत होते: पोराला कशाला लावायचं मशीनवर.

आमच्या शेजारची खाट संध्याकाळी भरली. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी बाई, सोबत नऊ-दहा वर्षांची पोरगी. डाव्या हाताला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात खोल चीर. पोरगी हुंदके देत “नोप्पी, अम्मा, नोप्पी”, दुखतंय, एवढंच म्हणत होती. आईच्या अंगाला भिजवलेल्या तेंदूपानांचा तो ओला, तुरट वास. ज्यानं आमच्या गावात दोन दिवस काढलेत त्याला तो कळतो. आमच्या जुन्या घराच्या मागच्या चाळीत सगळ्या बायका विडीच्या. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवरच्या सुपात तंबाखू, आणि दिवस मावळेपर्यंत हजार. हजारावर मजुरी. त्यांची कात्री शिवणकामाच्या कात्रीसारखी नसते. हाताच्या हिशेबानं घासलेली, धारेची. शाळेतून आलेल्या पोरी दप्तर टाकून पानं कापायला बसायच्या, म्हणजे आईचं विड्या वळणं पुढं सरकायचं. डाव्या हातात पान आणि माप, उजव्यात कात्री. निसटली तर कुठं लागणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

डॉक्टर तोच. प्रश्न तोच. बाई म्हणाली, “काच लागला साहेब. खेळताना पडली.”

त्यानं जखम धुवायला घेतली. कापसाबरोबर तपकिरी चुरा निघत होता. तंबाखू. रक्त थांबावं म्हणून दाबलेली. त्यानं तो कापूस बघितला, बाईकडं बघितलं, माझ्याकडं का बघितलं ते मला अजून कळलेलं नाही. मी चादरीची घडी घालत होते, घालत राहिले. मग तो म्हणाला, काच असेल तर फोटो काढावा लागेल. काचेचा तुकडा आत राहिला तर एक्स-रेत दिसतो. मामा पोरीला चाकाच्या खुर्चीतून खाली घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत आणलं. काही दिसलं नाही. तरी त्यानं पुन्हा जखम उघडून चांगली चाचपली, कारण आईनं काच म्हटलं होतं. पोरगी आधी ओरडली, मग ओरडायची थांबली. ते थांबणं मला जास्तच असह्य झालं. मी लेकाला घेऊन व्हरांड्यात गेले.

त्याला ठाऊक असणार. ठाऊक असूनही सांगितलेलं खोटं धरून त्यानं तपासलं, कारण खरं असलं आणि आपण बघितलं नाही तर? आणि कदाचित अंगठ्याची दोरी शाबूत आहे ना, हे बघायला तेवढं उघडावंच लागलं असतं. असंही असेल. मी हे स्वतःला बऱ्याचदा समजावलं आहे. पण तीन शब्द, ‘काच नाही, कात्री’, एवढे माझ्याजवळ होते आणि मी ते गिळले. एका आईला दुसऱ्या आईनं उघडं पाडू नये म्हणून गिळले, असं मी तेव्हा मानलं. आज तेवढी खात्री वाटत नाही. तिचं खोटं उघडं पडलं असतं तर माझंही कुणीतरी निरखून बघितलं असतं.

रात्री नळावर ती भेटली. तांब्या विसळत होती. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली, उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा. मी म्हटलं, “अक्का, झोपली का पोरगी?” ती झोपली म्हणाली. मग न विचारताच सांगू लागली. लेबरवाले येतात, विडी कामगाराचं कार्ड जातं, कार्ड गेलं तर सगळंच गेलं, दोन लेकरं अजून मागं आहेत. 1986च्या बालकामगार कायद्याच्या यादीत विडीचं काम पहिल्यापासून आहे. पण तिला कायद्याचं साल माहीत नव्हतं, भीती माहीत होती. तिचं कार्ड खरंच गेलं असतं का, मला सांगता आलं नसतं. मी नुसती मान हलवली. तांब्या भरून झाल्यावर ती थांबली.

“ताई, तुम्ही काय सांगितलं?”

मी म्हटलं, “तेच. पडला.”

“हां,” म्हणाली ती आणि निघून गेली. त्या एका ‘हां’मध्ये ना दोष होता ना सहानुभूती. विड्यांचा कट्टा मोजून बाजूला ठेवावा तसं.

संक्रांतीला सकाळी ऑपरेशन झालं. यात्रेतल्या अक्षतांना सासूबाई दरवर्षी जातात, त्या वर्षी गेल्या नाहीत. डबा घेऊन आल्या, तिळगूळ आणला. भोगीची भाजी त्यांनीच नंतर पुरी केली असावी. गाजराचं काय केलं, मी विचारलं नाही. बाजारातून आल्यावर त्यांना विळी उभी दिसली असणार, पाटावर अर्धं गाजर दिसलं असणार. बोलल्या काहीच नाहीत. मी त्यांना ते पळत आल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि लेकाच्या केसांवरून हात फिरवला. एक शब्द बोलल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. घरी आले तेव्हा विळी जागेवर नव्हती. जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली होती.

यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री वॉर्डातली सगळी पोरं खिडकीशी. होम मैदान तिथून दिसत नाही, पण आभाळ दिसतं. आधी उजेड, मग आवाज. माझ्या पोराचा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, विडीवाल्या पोरीचा गळ्यात अडकवलेला, करमाळ्याच्या पोराच्या हातावर पांढरा मोठा गोळा. मी मागं खाटेवर बसले होते. त्यांना वाटलं असेल आवाजात ऐकू जात नाही.

पोरगी म्हणाली, “मला कात्री लागली. तुला?”

“विळी. मी गाजर कापत होतो.”

“मी पान कापत होते.”

“मी कडबा,” करमाळ्याचा म्हणाला.

मग एक मोठा निळा फुटला आणि तिघं एकदमच ओरडली.

म्हणजे तेव्हा त्याला माहीत होतं. दोन-तीन दिवस झालेले, मी दहा जणांना दहा वेळा सांगितलेलं, तरी त्याच्याजवळ त्याचं गाजर होतं. ते केव्हा गेलं? प्लास्टर निघेपर्यंत एक महिना आलं-गेलं चालू होतं. मी सांगायचे, तो मांडीवर बसून ऐकायचा. ‘धांदरट आहे हो, एका जागी बसत नाही.’ बायका म्हणायच्या, मुलगाच तो. तो हसायचा. कधीतरी त्यानं ‘मी पळत होतो’ म्हणायला सुरुवात केली असेल आणि मला हायसं वाटलं असेल. ती तारीख माझ्या फोनमध्ये नाही.

नसेचं मात्र आम्ही रोज बघायचो. तुटलेली नस जोडली तरी लगेच चालू होत नाही, ती जोडापासून बोटाच्या टोकाकडं नव्यानं वाढत जाते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. डॉक्टरनं हे सांगितल्यावर लेकानं पट्टीवरची एक बारीक रेघ मला दाखवली होती: एवढंच? आणि एक युक्ती सांगितली होती. आंघोळीच्या गरम पाण्यात हात बराच वेळ बुडवला की बोटं सुरकुततात, ते कातडीचं काम नाही, नसेचं आहे. जिथं नस नाही तिथं बोट गुळगुळीत राहतं. मुलांना टोचून ‘कळतं का’ विचारण्यापेक्षा हे बरं. मग रोज सकाळी बादलीत हात. चार बोटं म्हाताऱ्या बाईसारखी, पाचवं अर्धं तरुण. फेब्रुवारी, मार्च, कडक उन्हाळा. आमच्याकडं मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं, वेगळं तापवायला लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तो ओलाच बाहेर पळत आला. तेव्हा मात्र खरंच पळत आला. बोट पुढं केलं. टोकापर्यंत सुरकुत्या. सासूबाईंनी ते बोट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि देवापुढं साखर ठेवली.

टोकाचं पेर अजून पुरतं वाकत नाही. पेन्सिल धरायला अडत नाही, बॅट धरायलाही नाही. हुरड्याचं कणीस चोळताना तेवढं ते बोट बाजूला राहतं. विळी दरवर्षी दिवाळीत साफसफाईला माळ्यावरून खाली येते, सासूबाई लुगडं सोडतात, खोबरेल लावतात, पुन्हा गुंडाळतात. टाकून देऊ म्हटलं तर नाही म्हणतात. आम्ही आता ओट्यावर उभं राहून फळीवर सुरीनं चिरतो. चव बदलली असं त्यांचं मत आहे.

विडीवाली पोरगी आता तेरा-चौदाची असेल. बेचक्यातला वळ राहिला असेल. मी एकदा तिकडं गेले होते, पत्ता नव्हता, नाव धड विचारलं नव्हतं. गल्लीभर यंत्रमागांची खटखट आणि दारोदार सुपं घेऊन बसलेल्या बायका. दोन गल्ल्या फिरले आणि चादर घ्यायला आल्यासारखी एक चादर घेऊन परतले.

परवा मी हात धुतले, भाकरीचा तवा उतरवला आणि लेकाला खाली बसवलं. म्हटलं, तू पळत नव्हतास. सगळं सांगितलं. फोन, उभी विळी, चार मिनिटं, गाजर. आतल्या खोलीत सासूबाईंच्या जपमाळेचा आवाज थांबला होता. तो बोट चोळत ऐकत होता.

“मग उंबरा?” त्यानं विचारलं.

“उंबरा नव्हताच.”

“ती कात्रीवाली होती ना पण? दारूकाम बघायला?”

“ती होती.”

त्यानं फॉर्म उचलला, रकान्याकडं बघितलं. अर्धी ओळ. त्याची अक्षरं मोठी आहेत.

“एवढं सगळं बसणार नाही त्यात,” तो म्हणाला. “सही कर.”